क्रिकेटवीर बाळू पालवणकर

खेळाडूच्या आयुष्यात चढउतार यावयाचेच. परंतु बाळू बाबाजी पालवणकर यांस प्रतिपक्षाइतकेच स्वपक्षाशीही झगडावे लागले. म्हणून त्यांचे अल्पचरित्र आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो.

पालवणकर घराणे मूळचे कोकणातील, जात चांभार. बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. वडील फौजेत नोकरीस असल्यामुळे त्यांचे बालपण पुण्यास गेले. तेथील गोऱ्यांच्या क्लबात मैदान झाडणे, रूळ फिरविणे ही त्यांची चाकरी. पगार दरमहा ४ रुपये. साहेबांस सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची डाव्या हाताची मंद फिरकी अशी तयार झाली की, ग्रेगसारखा नामांकित फलंदाजही नित्य त्यांच्यापुढे सराव करी.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांस घेतले खरे; पण ज्यांस त्यांच्या हातचा चेंडू चाले, त्यांस त्यांच्या पेल्याचा विटाळ होई! खेळाच्या मधल्या सुट्टीत त्यांस चहा मिळे तो बाहेर, मातीच्या भांड्यात. पुढे ते मुंबईस आले. तेथे १९०६ साली हिंदू संघाने यूरोपियनांस १०९ धावांनी जिंकिले, त्यात बाळूंनी ८ गडी बाद केले. १९११ साली ते हिंदी संघाबरोबर विलायतेस गेले. संघाचे बहुतेक सामने गेले. तरी बाळूंनी त्या दौऱ्यात शंभरावर गडी टिपिले.

इतके होऊनही हिंदू संघाचे नायकपद त्यांस कधीच मिळाले नाही. १९२० साली तर त्यांस संघातूनच वगळिले. तेव्हा विठ्ठल व शिवराम या त्यांच्या बंधूंनी निषेध म्हणून खेळण्याचे नाकारिले. अखेर मंडळींस माघार घ्यावी लागली, आणि अंतिम सामन्यास बाळू उपनायक म्हणून उतरले. १९२३ साली विठ्ठल हे नायक झाले व त्यांच्या हाताखाली हिंदू संघाने यूरोपियनांस पराभूत केले. थोरल्या भावाने पेरिले ते धाकट्याच्या पदरी पडले. बाळू १९५५ साली मुंबई येथे निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, देवाने दिलेली देणगी बाळूंनी मातीत पुरून ठेविली नाही. त्यांच्या गुणास साजेसा मान देण्यात उणे पडले ते समाजाचे मन. ठाणे-कल्याणच्या मैदानांवर तुम्ही संघ निवडाल, तेव्हा गड्याचा हात पाहा, जात पाहू नका. आणि खेळ संपल्यावर त्याच्याच पंक्तीस बसा.