सर्पगंधेचे डॉक्टर : रुस्तुम जाल वकील

खडकवासल्याला धरणाच्या खालच्या अंगाला आमचे घर आहे. माझे आजोबा रक्तदाबासाठी सर्पगंधेची गोळी घेत. दाब उतरला, पण माणूस अबोल झाला. ओट्यावर बसून तासन्‌तास धरणाच्या भिंतीकडे पाहत राहत. पुढे गोळी बदलली आणि ते पुन्हा बोलू लागले. ही हकिकत आजीकडून ऐकून मी त्या गोळीविषयी वाचू लागलो, आणि डॉ. रुस्तुम जाल वकील यांच्या चरित्राशी येऊन पोचलो.

वकिलांचा जन्म १९११ सालचा, मुंबईच्या पारशी घराण्यातला. लंडनला वैद्यक शिकून ते मुंबईस परतले व के. ई. एम. रुग्णालयात हृदयरोग्यांवर उपचार करू लागले. त्या काळी वाढत्या रक्तदाबावर खात्रीचे औषध नव्हते. १९४५ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट याच दुखण्यातून मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. तेथे सामान्यांची काय कथा!

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेडावर आणि निद्रानाशावर पूर्वापार देत. १९३१ साली दिल्लीत सिद्दिकींनी तिच्यातील अल्कलॉइडे वेगळी केली. तिने दाब उतरतो हे कलकत्त्याच्या सेन व बोस यांनी त्याच वर्षी लिहिले. तरी बाहेरच्या जगाला पत्ता नव्हता. वकिलांनी ५० रुग्णांना या मुळीचे औषध दिले, दाब पुन्हा पुन्हा मोजला, आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. नंतरच परदेशी डॉक्टर सर्पगंधेकडे वळले. चिकाटीने मोजमाप ठेवणे हेच मला त्यांचे मोठे काम वाटते. १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, १९५८ साली पद्मभूषण.

मुळीतले मुख्य अल्कलॉइड, रेसरपिन, १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये हाती आले. मी कला शाखेचा. समजले तेवढे सांगतो. मज्जापेशींच्या टोकांशी काही रसायनांचा साठा असतो. रेसरपिन तो भरूच देत नाही. साठा रिता झाला की रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो. पण मेंदूतल्या पेशींचेही तेच होते. गुंगी येते, आणि मात्रा मोठी असल्यास काही रुग्णांना औदासीन्य आल्याच्या नोंदी पुढे झाल्या.

वकील १९७४ साली वारले. आता ही गोळी क्वचितच कोणी देते.

मी हे सारे आजीला वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प होती. आजोबा तेव्हा आपल्यावरच रुसले आहेत, असे ती इतकी वर्षे धरून बसली होती.