सूर्यकिरणांचे उपासक : सर जॉन हर्शेल

काचेच्या नळीत पिवळसर द्रावण आहे. अम्लराजात प्लॅटिनम विरघळवून, उरलेले आम्ल चुन्याने मारून, गाळून घेतलेल्या त्या द्रावणात चुन्याची निवळी मिसळलेली आहे. अंधारात ही नळी दीर्घकाळ ठेवली तरी द्रावण नितळ राहते. उन्हात आणताच मात्र ते दुधाळ होऊन तळाशी फिकट साका बसू लागतो. १८३२ साली हा प्रकार विद्वानांपुढे मांडणारे गृहस्थ रसायनशास्त्राचे प्राध्यापक नव्हते. ते होते खगोलवेत्ते सर जॉन हर्शेल.

इंग्लंडातील स्लाऊ या गावी ७ मार्च १७९२ रोजी त्यांचा जन्म झाला. युरेनस ग्रह शोधून काढणारे विल्यम हर्शेल हे त्यांचे वडील. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८१३ मध्ये जॉन पहिले आले. परंतु त्यांचे मन रमे ते रसायनांत आणि प्रकाशाच्या अभ्यासात. तेथील रसायनशास्त्राचे अध्यासन मिळविण्याचा त्यांचा प्रयत्न १८१५ मध्ये फसला. पुढच्याच वर्षी वृद्ध पित्याचे अपुरे राहिलेले आकाशनिरीक्षण पुढे नेण्यासाठी त्यांनी केंब्रिज सोडले. हा निर्णय त्यांना सुखाचा नव्हता. रात्री दुर्बिणीला वाहिल्या, पण दिवसाचा सूर्य त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवला, असे मला वाटते.

प्लॅटिनमच्या नळीवर त्यांनी रंगीत द्रवांतून गाळलेला प्रकाश पाडून पाहिला. जांभळ्या बाजूच्या किरणांनी साका धरतो, तांबड्यांनी धरत नाही! म्हणजे हे काम उन्हाच्या उष्णतेचे नव्हे. आज त्याचा उलगडा असा करतात : या द्रावणात प्लॅटिनमच्या प्रत्येक अणूला क्लोरीनचे सहा अणू बिलगलेले असतात. योग्य रंगाचा प्रकाश शोषताच त्यांची पकड सैल होते, त्यांच्या जागी पाण्यातून आलेले गट बसतात, आणि चुन्यातील कॅल्शियमशी संयोग होऊन न विरघळणारा पदार्थ बनतो. अशा जटिल संयुगांची रचना आल्फ्रेड व्हेर्नर यांनी मांडली ती १८९३ मध्ये. हर्शेल यांनी कारण कळण्याच्या साठ वर्षे आधी कार्य पाहिले होते.

तरुणपणी, १८१९ मध्ये, त्यांना आणखी एक गोष्ट आढळली होती. पाण्यात न विरघळणारे चांदीचे क्षार हायपोच्या द्रावणात सहज विरघळतात. तेथेही हायपोचे गट चांदीला वेढून आपल्यासोबत घेऊन जातात. वीस वर्षे हे ज्ञान पडून राहिले. जानेवारी १८३९ मध्ये पॅरिसच्या दागेर यांनी प्रकाशाने चित्रे काढल्याची वार्ता आली आणि हर्शेल यांनी काही दिवसांतच स्वतः चित्रे काढून ती हायपोने टिकाऊ केली. टॅलबॉट भेटीस आले तेव्हा त्यांनी ही युक्ती मोकळेपणी सांगून टाकली. त्याच टॅलबॉट यांनी पुढे आपल्या छायाचित्रणपद्धतीचे एकस्व घेतले, हे विद्यार्थिमित्रांनी ताडून पाहावे.

१८४२ मध्ये त्यांनी लोहाच्या क्षारांकडे मोर्चा वळविला. फुलांच्या रसांनी माखलेले कागदही ते उन्हात ठेवून पाहत होते! फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड लावलेला कागद उन्हात ठेवला की प्रकाश पडेल तेथे गर्द निळा रंग उमटतो, आणि उरलेले क्षार साध्या पाण्याने धुऊन जातात. अभियंत्यांचे निळे नकाशे पुढे कित्येक दशके याच रीतीने निघत.

दक्षिण आफ्रिकेत १८३४ ते १८३८ या काळात त्यांनी दक्षिणेचे आकाश तपासले, ती एक स्वतंत्रच कथा आहे. उतारवयात सरकारी टांकसाळीच्या प्रमुखपदाचा भार त्यांना सोसला नाही. प्रकृती ढासळून १८५५ मध्ये ते पद त्यांनी सोडले. त्यांचे पुत्र विल्यम यांनी बंगालमधील जंगीपूर येथे १८५८ मध्ये एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा घेतला, आणि ठशांवरून माणूस ओळखण्याचा अभ्यास आरंभिला.

११ मे १८७१ रोजी सर जॉन निवर्तले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटनच्या समाधीजवळ त्यांना जागा मिळाली. अकरा वर्षांनी त्यांच्या शेजारी चार्ल्स डार्विन यांना पुरण्यात आले.