केअर हार्डी

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात एका पाववाल्याच्या दुकानी दहा वर्षांचा एक मुलगा नोकरीस होता. रोज साडेबारा तास खपावे, तेव्हा आठवड्याला साडेतीन शिलिंग हाती पडत. त्या वर्षी गोदीतील तंट्यामुळे त्याचे वडील कित्येक महिने बेकार होते. धाकटा भाऊ मरणाच्या दारी होता आणि आईचे दिवस भरत आले होते. भावाच्या उशाशी जागून काढलेल्या रात्रींमुळे मुलाला दोनदा कामावर पोहोचण्यास उशीर झाला. दुसऱ्या वेळी मालकाने त्याला माडीवर बोलावले. तेथे मालकाचे सारे कुटुंब न्याहारीस बसले होते. पावसाने निथळणाऱ्या, उपाशी मुलाला तेथेच उभे करून मालकाने कामावरून काढून टाकले; एवढेच नव्हे, तर उशिराचा दंड म्हणून आठवड्याची मजुरीही कापून घेतली. सबंध घरात तेवढीच काय ती मिळकत होती.

हा मुलगा म्हणजेच जेम्स केअर हार्डी. त्याचा जन्म १५ ऑगस्ट १८५६ रोजी लॅनार्कशर परगण्यातील एका लहानशा खेड्यात झाला. आई पूर्वी मोलकरणीचे काम करीत असे. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. पावाचे दुकान सुटल्यावर तो कोळशाच्या खाणीत उतरला. हवा खेळती राहावी म्हणून खाणीत दारे बसविलेली असत. कोळशाची गाडी आली की दार उघडावयाचे, ती गेली की लावावयाचे. असे दहा दहा तास तो काळोखात एकटा बसे. रात्रीच्या शाळेत जाऊन तो लिहिण्यास शिकला. पुढे लघुलेखनही शिकला, तेही खाणीतच: दगडाच्या फरशीवर दिव्याची काजळी धरावी आणि टाचणीने तीवर अक्षरे गिरवावी.

खाणकामगारांना संघटित करू लागताच मालकांनी त्याला काळ्या यादीत घातले. त्या परगण्यात त्याला कोणी काम देईना. मग तो दुसऱ्या गावी गेला, वर्तमानपत्रात लिहू लागला आणि खाणकामगार संघाचा चिटणीस झाला.

त्या काळी इंग्लंडचे राज्य हुजूर पक्ष आणि उदारमतवादी पक्ष हे आळीपाळीने चालवीत. एका मतदारसंघातून ज्याला सर्वांत अधिक मते, तोच निवडून यावयाचा. त्यामुळे तिसऱ्या पक्षाला वाव फार थोडा. कामगार बहुधा उदारमतवाद्यांना मते देत, पण तो पक्ष कामगाराला उमेदवारी देण्यास नाखूश असे. १८८८ साली मिड-लॅनार्क येथे पोटनिवडणूक आली. उदारमतवाद्यांनी हार्डीला डावलले, तेव्हा तो स्वतंत्रपणे उभा राहिला. त्याने माघार घ्यावी म्हणून त्याला पुढे एक सुरक्षित जागा आणि वर्षाला ३०० पौंड देण्याचे आमिष दाखविण्यात आले. गरिबाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हती. पण हार्डीने ती नाकारली. त्याला अवघी ६१७ मते पडली आणि तो तिसरा आला.

चार वर्षांनी, १८९२ साली, लंडनच्या वेस्ट हॅम भागातून तो निवडून आला. इतर सभासद लांब काळा कोट आणि उंच रेशमी टोपी घालून येत. हार्डी मात्र जाडाभरडा लोकरी कोट आणि साधी टोपी घालून आला. या पोशाखाची चर्चा वर्तमानपत्रांनी इतकी केली, की त्याने कामगारांविषयी काय सांगितले इकडे थोड्यांचेच लक्ष गेले. पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्ड येथे स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला.

२३ जून १८९४ रोजी वेल्समधील पॉन्टिप्रिडजवळच्या एका खाणीत स्फोट होऊन २९० माणसे आणि मुले मृत्यू पावली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला पणतू झाला. पार्लमेंटात अभिनंदनाचा ठराव आला. मृतांच्या कुटुंबीयांविषयी सहानुभूतीचे चार शब्द त्यात जोडावे, अशी हार्डीची मागणी होती. ती मान्य झाली नाही. तेव्हा तो एकटा उठून ठरावाविरुद्ध बोलला. चोहोबाजूंनी ओरडा झाला, तरी तो खाली बसला नाही. दुसऱ्या वर्षीच्या निवडणुकीत तो हरला. त्याच्या पक्षाचे २८ उमेदवार उभे होते, त्यांतला एकही निवडून आला नाही.

तरीही १९०० साली कामगार संघ आणि समाजवादी मंडळे यांची त्याने एकत्र मोट बांधली. प्रारंभी दोनच सभासद निवडून आले. मर्थर टिडव्हिलहून आलेला हार्डी हा त्यांपैकी एक. पुढच्या वर्षी उमरावसभेने असा निकाल दिला, की संपामुळे झालेले मालकाचे नुकसान कामगार संघाने भरून द्यावे. रेल्वे कामगारांच्या संघाला २३,००० पौंड भरावे लागले. मग जे संघ दूर होते तेही धावून आले. इकडे उदारमतवाद्यांनाही भीती पडली, की मते फुटली तर हुजूर पक्षाचे फावेल. १९०३ साली त्यांनी सुमारे तीस जागांवर मजुरांच्या वाटेस न जाण्याचा गुप्त करार केला. उघड्या मैदानात लढणाऱ्या हार्डीच्या पक्षाला असा गुपचूप करार शोभला काय, हा प्रश्न राहतोच. पण १९०६ साली मजूर पक्षाचे २९ सभासद निवडून आले आणि हार्डी त्यांचा पहिला नेता झाला.

६७० जणांच्या सभेत २९ म्हणजे मूठभरच. उदारमतवाद्यांचे बहुमत इतके मोठे होते, की त्यांना या मुठीची गरज नव्हती. परंतु त्यांच्याच अनेक सभासदांनी आपापल्या मतदारसंघात कामगारांना वचने दिलेली होती. त्यामुळे सरकारचे अर्धेमुर्धे विधेयक मागे पडले आणि मजूर पक्षाचे विधेयक पंतप्रधानांनी स्वीकारले. संपाबद्दल संघावर दावा लावणे बंद झाले. त्याच वर्षी शाळेतील उपाशी मुलांना जेवण देण्याची मुभा स्थानिक संस्थांना देणारा कायदा झाला. तोही एका मजूर सभासदानेच मांडला होता. १९१० साली दोन्ही मोठे पक्ष जवळजवळ तुल्यबळ झाले. आता आयरिश आणि मजूर सभासदांवाचून सरकारचे पान हलेना. १९११ पासून सभासदांना वर्षाला ४०० पौंड वेतन मिळू लागले, आणि गरिबालाही पार्लमेंटात बसणे शक्य झाले.

१९०७ साली हार्डी हिंदुस्थानात आला. फाळणीने पेटलेला बंगाल त्याने पाहिला. हिंदी लोकांची बाजू घेतल्यामुळे इंग्रजी वृत्तपत्रे त्याच्यावर तुटून पडली. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले, तेव्हा त्याने युद्धाला विरोध केला. त्याच्या स्वतःच्या मतदारसंघातच लोकांनी आरडाओरड करून त्याची सभा उधळली. हा घाव त्याच्या जिव्हारी लागला. २६ सप्टेंबर १९१५ रोजी ग्लासगो येथे त्याने देह ठेवला.

लोकमान्य टिळक १९१८-१९ साली विलायतेत असताना त्यांनी मजूर पक्षाशी संधान बांधले आणि त्याच्या निधीस २,००० पौंड दिले. १९२४ साली मजूर पक्षाचे पहिले सरकार आले. उदारमतवादी पक्ष तिसऱ्या क्रमांकावर गेला. १९४५ साली त्याच पक्षाला प्रथमच पूर्ण बहुमत मिळाले आणि या सरकारच्या काळात हिंदुस्थान स्वतंत्र झाला. ती तारीख १५ ऑगस्ट १९४७. हार्डी हयात असता, तर त्याच दिवशी त्याला ९१ वर्षे पूर्ण झाली असती.