केडगावची माउली

इ. स. १८७४ ची गोष्ट. दक्षिण हिंदुस्थानात पाऊस पडेना, पिके जळून गेली आणि धान्य मिळेनासे झाले. त्या दिवसांत पुराण सांगत तीर्थयात्रा करणारे एक शास्त्र्याचे कुटुंब अन्नाला मोताद झाले. जवळची भांडीकुंडी विकून झाली. रानातली पाने व रानमेवा खाऊन दिवस काढावे लागले. अखेर वृद्ध वडील वारले आणि काही आठवड्यांतच आईनेही प्राण सोडला. परमुलखात तिच्या ताटीला चार खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा तिचा मुलगा झाला. चौथी सोळा वर्षांची मुलगी पुढे आली. ती उंचीने ठेंगणी होती; खांदा पुरेना, म्हणून तिने आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला आणि तीन मैलांवरच्या स्मशानापर्यंत ती चालत गेली. हीच मुलगी पुढे पंडिता रमाबाई या नावाने विख्यात झाली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असे मानण्याचा तो काळ. परंतु शास्त्रीबुवांनी लोकांचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले. लक्ष्मीबाईंनी ती विद्या आपल्या लेकीला दिली. दिवसभर कामाचा रगाडा असे, म्हणून त्या माउली भल्या पहाटे मुलीला जवळ घेऊन पाठ देत. अशा रीतीने हजारो श्लोक लहानग्या रमेला मुखोद्गत झाले.

आईवडिलांच्या मागोमाग थोरली बहीणही गेली. उरली ती रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघांनी पायी अर्धाअधिक हिंदुस्थान पालथा घातला. पंजाबात थंडीने अंग गोठू लागले, तेव्हा झेलम नदीच्या काठी खड्डे खणून, मान तेवढी बाहेर ठेवून, त्यांनी कोरडी वाळू अंगावर पांघरली. इ. स. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची विद्वत्ता पाहून त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांचा बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह झाला. परंतु १८८२ मध्ये पटकीने त्यांचेही निधन झाले. पदरी तान्ही मनोरमा घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि सरकारी शिक्षण आयोगापुढे स्त्रियांना शिक्षिका व डॉक्टर होता यावे, अशी मागणी मांडली.

१८८३ मध्ये अधिक शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या. तेथे ख्रिस्ती जोगिणींनी चालविलेले एक आश्रयस्थान त्यांनी पाहिले. समाजाने वाईट ठरवून दूर लोटलेल्या स्त्रियांची त्या जोगिणी मायेने सेवा करीत होत्या. या दयेचे मूळ कोठे आहे, असा प्रश्न रमाबाईंना पडला. तेव्हा त्यांना येशूची एक कथा कळली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या एका शोमरोनी स्त्रीला सारे हीन मानीत. पण येशूने तिच्याकडेच पाणी मागितले आणि तिच्याशी आदराने संभाषण केले. या कथेने रमाबाईंच्या मनाचा ठाव घेतला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाने स्वदेशातील अनेक स्नेही दुखावले. तरीही रमाबाईंनी आपले मराठीपण सोडले नाही. पांढरे साधे लुगडे व शाकाहार हाच त्यांचा परिपाठ कायम राहिला. दुसऱ्याने सांगितले म्हणून मानायचे, हा त्यांचा स्वभाव नव्हता. धर्मगुरूंनाही त्या निर्भयपणे प्रश्न विचारीत.

अमेरिकेत जाऊन त्यांनी हिंदी विधवांची दुःस्थिती लोकांपुढे मांडली. तेथील सहृदय लोकांनी दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले व पुढील वर्षी ते पुण्यास आले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. सदनात मुलींना आपापला धर्म पाळण्याची मोकळीक होती. परंतु रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत व काही मुली तेथे येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकर यांसारख्या मान्यवरांनी सल्लागार मंडळ सोडले आणि कित्येक पालकांनी मुली घरी नेल्या. रमाबाईंना दुःख झाले. तरी त्यांनी ना दार लावून घेतले, ना सदन बंद केले.

त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी पुढेच लागली. १८९६ मध्ये मध्यप्रांतात भीषण दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकताच बावीस वर्षांपूर्वीची भूक रमाबाईंच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. अमेरिकेच्या मदतीची मुदत संपत आली होती. अशा वेळी नवा भार शिरावर घेणे शहाणपणाचे नव्हे, असे कोणीही म्हटले असते. पण ज्या देवाने आपल्याला त्या दुष्काळातून तारले, तो या पोरांना टाकणार नाही, असा त्यांचा दृढ विश्वास होता. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्यातच पुण्यात प्लेगची साथ पसरली. एवढी माणसे शहरात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांनी त्यांना नेले. आधी राहुट्या व झोपड्या उभ्या राहिल्या, मग पक्क्या इमारती झाल्या. हेच मुक्तिसदन होय.

देवावर भरवसा ठेवणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे, असे रमाबाई मानीत नसत. पहाटे प्रार्थना व्हावी आणि मग सर्वांनी कामाला लागावे, हा तेथला क्रम होता. विहिरी खणल्या गेल्या, फळझाडे लावली गेली. मुली शेती, विणकाम, गाईगुरांची निगा व छपाई शिकल्या. येशूने भुकेल्यांना जेवू घातले, तर आपणही पीठ दळले पाहिजे. त्याने आंधळ्यांना जवळ केले, तर त्यांनाही विद्या दिली पाहिजे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. म्हणून अंध स्त्रियांसाठी बोटांनी वाचावयाच्या ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू झाले. १९०० मध्ये गुजरातेतील दुष्काळग्रस्त मुलीही आल्या आणि आश्रमातील माणसे दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या मुखांत रोज घास पडत असे.

उतारवयात रमाबाईंना ऐकू येईनासे झाले. तरी त्यांनी एक प्रचंड काम हाती घेतले. खेड्यातील बायाबापड्यांनाही समजेल अशा सोप्या मराठीत बायबल आणावे म्हणून त्या हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या. आश्रमातल्याच मुली खिळे जुळवीत व पाने छापीत. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा मृत्यू पावली. जीवनातला शेवटचा आधार गेला, पण लेखणी थांबली नाही. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. १९२४ मध्ये ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले.

रमाबाईंची मते त्यांच्या काळी सर्वांना पटली नाहीत. परंतु त्यांचे प्रेम खोटे होते, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? आईचा भार डोक्यावर घेऊन निघालेल्या त्या मुलीने पुढे हजारो निराधारांचा भार तसाच आपल्या शिरावर घेतला. केडगावचे ते घर आजही अनाथांना व निराश्रित स्त्रियांना आसरा देत आहे.