जलव्रती विश्वेश्वरय्या

तीर्थक्षेत्राचे माहात्म्य जितके देवालयांत, तितकेच तेथील जलात असते. उज्जयिनीस क्षिप्रेच्या रामघाटावर दर बारा वर्षांनी सिंहस्थाचे स्नान घडते, तेव्हा लक्षावधी यात्रेकरू भक्तिभावाने नदीस वंदन करतात. परंतु नदीला बारमाही पाणी असेल तरच तीर्थाचे तीर्थपण टिकते. २०१६ च्या सिंहस्थात क्षिप्रेच्या पात्रात नर्मदेचे पाणी आणावे लागले, ते स्थापत्यशास्त्राच्या बळावरच. जलाचे संयमन व वितरण हेच ज्यांनी जन्मभराचे व्रत मानले, त्या भारतीय स्थापत्यविशारदांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे स्थान अग्रगण्य आहे. अशा पुरुषाचे चरित्र तीर्थवासी जनांनी आदराने वाचावे असेच आहे.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या लहानशा गावी एका वैदिक ब्राह्मण कुळात त्यांचा जन्म झाला. १५ सप्टेंबर १८६१ हा त्यांचा जन्मदिवस मानला जातो. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतज्ञ होते. घरात विद्या होती, द्रव्य नव्हते. कुमारवयातच पितृछत्र हरपले. माता वेंकटलक्ष्मम्मा यांनी धीर सोडला नाही आणि बंगळूरच्या मामांनी भाच्याला आधार दिला. पुढे एका कुटुंबातील मुलांना शिकवून त्यांनी आपल्या शिक्षणाचा भार हलका केला. १८८१ मध्ये ते बी. ए. झाले. म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात दाखल झाले आणि १८८३ मध्ये स्थापत्याच्या परीक्षेत पहिले आले.

१८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात साहाय्यक इंजिनियर म्हणून त्यांची नेमणूक झाली. नाशिक व खानदेश हे त्यांचे पहिले कार्यक्षेत्र होय. धुळ्याकडील दातर्ती गावी ओढ्याच्या पात्राखालून नळ नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळा तोंडावर होता आणि पाया वाळूने भरून जात होता. काम पुढे ढकलावे असे तरुण विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांस कळविले. वरिष्ठांना ते रुचले नाही. तेव्हा त्यांनी हट्ट सोडला, कामास हात घातला व ते तडीस नेले. आज्ञापालन आणि स्वतंत्र बुद्धी यांची सांगड कशी घालावी, याचा धडा त्यांना महाराष्ट्राच्या मातीत मिळाला.

पुढे सक्कर येथे सिंधू नदीच्या गढूळ पाण्याचा प्रश्न आला. नदीच्या वाळूतूनच गाळले गेलेले पाणी विहिरीत घेण्याची योजना त्यांनी आखली. पुणे येथील वास्तव्यात न्यायमूर्ती रानडे व नामदार गोखले यांच्याशी त्यांचा परिचय झाला. नीरा कालव्यावर पाण्याची वाटणी समन्यायाने व्हावी म्हणून त्यांनी शेतांचे गट पाडून पिकांची पाळी ठरविणारी पद्धत सुचविली. वरच्या शेतकऱ्याला मुबलक व खालच्याला कोरडे, हा अन्याय त्यांना सहन होत नसे.

१९०३ मध्ये खडकवासल्याच्या जलाशयावर त्यांच्या कल्पनेतील स्वयंचलित दारे बसविण्यात आली. धरणाची भिंत न वाढविता सांडव्यावर या दारांनी सुमारे ८ फूट अधिक पाणी अडविता आले. पूर मर्यादेपलीकडे चढला की दारे आपोआप उघडत आणि पाणी उतरले की आपोआप मिटत. या शोधाचे एकस्व त्यांनी घेतले, परंतु आपण सरकारी सेवक असताना तो लाविला म्हणून त्यावरील मानधन घेण्याचे नाकारले. उज्जयिनी ज्या ग्वाल्हेर राज्यात होती, त्या राज्यातील तिग्रा धरणावरही पुढे हीच पद्धत वापरली गेली.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची सेवा सोडली. त्याच वर्षी मुसी नदीच्या प्रलयाने हैदराबाद उद्ध्वस्त झाले आणि पूरनिवारणाची योजना त्यांच्यावर सोपविण्यात आली. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य इंजिनियर झाले. १९११ मध्ये कावेरीवर कृष्णराजसागराच्या कामास आरंभ झाला. १९१२ मध्ये महाराजांनी त्यांना दिवाणपद देऊ केले.

येथे त्यांच्या स्वभावाची खरी कसोटी लागली. घरातील कर्ता पुरुष राज्याचा दिवाण होतो, तेव्हा आप्तांच्या आशा पल्लवित होणे स्वाभाविकच. विश्वेश्वरय्यांनी सर्व नातेवाइकांस भोजनास बोलाविले आणि आपल्याकडे कोणीही कोणासाठी शिफारस घेऊन येणार नाही, असे वचन सर्वांनी दिले तरच पद स्वीकारीन, असे सांगितले. आईवर त्यांची अपार भक्ती होती; परंतु हा नियम तिलाही लागू होता. संसारसुख त्यांना फारसे लाभले नाही. आप्तांचे पोषण त्यांनी स्वकष्टाच्या द्रव्याने केले, राज्याच्या भांडारातून नव्हे. आपल्या माणसांवर प्रेम करणे आणि त्यांच्यासाठी दुसऱ्याचा हक्क हिरावणे यांतील अंतर त्यांनी कधी पुसू दिले नाही.

दिवाणगिरीच्या सहा वर्षांत १९१३ मध्ये म्हैसूर बँक व १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. नोकऱ्यांतील राखीव जागांच्या प्रश्नावर महाराजांशी मतभेद होऊन १९१८ च्या अखेरीस ते पदमुक्त झाले. त्या प्रश्नावर त्यांचे मत सर्वांना पटणारे नव्हते आणि आजही पटणार नाही; परंतु मत टिकवून पद सोडण्याची त्यांची वृत्ती विरोधकांनाही मान्य करावी लागली. राजीनामा देण्यास ते सरकारी गाडीतून गेले आणि परतताना स्वतःच्या गाडीत बसले, असे सांगतात.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. शतायुषी होऊन एप्रिल १९६२ मध्ये त्यांनी देह ठेवला व जन्मगावीच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्यांचा जन्मदिवस भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. पूजाअर्चेचा गाजावाजा त्यांच्या चरित्रात आढळत नाही. मात्र नेमस्त आहार, वक्तशीरपणा, ऋणाची जाणीव आणि परद्रव्याविषयी विरक्ती हे धर्माचे अंग मानले, तर त्यांच्याइतका निष्ठावंत धार्मिक पुरुष विरळाच. घाटावर अर्घ्य देणाऱ्या प्रत्येक ओंजळीत अशा कर्मयोग्यांच्या श्रमाचाही अंश असतो, हे भाविकांनी विसरू नये.