वसतिगृहातून समाज घडविणारा महापुरुष : कर्मवीर भाऊराव पाटील

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मीही दोन शब्द लिहावेत, असा विश्वस्त मंडळींचा आग्रह झाला. माझा व्यवसाय कापडाचा. मीटर, कैची आणि खतावणी यांच्या संगतीत आयुष्य गेले. बी.कॉम. झालो असलो तरी लेखणीचा संबंध बिलबुकापुरताच राहिला. तथापि पन्नास वर्षांच्या या टप्प्यावर संस्था कशी चालवावी, ती कोणासाठी चालवावी आणि तिच्यातून काय निपजावे, याचा विचार करू लागलो तेव्हा एकच मूर्ती डोळ्यांसमोर उभी राहिली. जैन कुळात जन्म घेऊन अवघ्या बहुजन समाजाचा आधारवड ठरलेले पद्मभूषण कर्मवीर डॉ. भाऊराव पायगौंडा पाटील यांची ती मूर्ती. त्यांच्या पुण्यस्मृतीस वंदन करून हा अल्पसा चरित्रपरिचय समाजबांधवांपुढे ठेवीत आहे.

जन्म व बालपण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी, आजोळी झाला. बाहुबलीच्या पवित्र डोंगराच्या सान्निध्यातील हे गाव आपणांपैकी अनेकांनी यात्रेच्या निमित्ताने पाहिले असेल. घराणे दिगंबर जैन, मूळचे कर्नाटकातील मूडबिद्रीकडचे. पुढे ते वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थिरावले. वडील पायगौंडा महसूल खात्यात नोकरीस होते. मातोश्री गंगाबाई धर्मपरायण होत्या.

बालपणापासूनच या मुलाला अन्याय सहन होत नसे. अस्पृश्य मानलेल्या माणसांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, हे पाहून त्यांनी त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकल्याची हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. अभ्यासात मात्र त्यांची गती बेताची होती. इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांचे शिक्षण गेले नाही. ज्या पुरुषाने पुढे शेकडो शाळा काढल्या, त्याच्या पदरी स्वतः मॅट्रिकचे प्रमाणपत्रही नव्हते, ही गोष्ट परीक्षेत मागे पडलेल्या आपल्या मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे.

जैन बोर्डिंगमधील प्रसंग

शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि तेथील दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या प्रेरणेने त्या काळी समाजात शिक्षणाचे वारे वाहू लागले होते. बोर्डिंगची व्यवस्था समाजधुरीण अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे हे विद्वान, करारी आणि समाजाविषयी तळमळ असलेले गृहस्थ होते. पुढे १९३७ मध्ये ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले.

याच सुमारास राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू केले. त्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून मगच भोजनगृहात यावे, असा बोर्डिंगचा नियम त्यांना सांगण्यात आला. त्यांनी तो मानण्यास नकार दिला. माणसाच्या सहवासाने विटाळ होतो, ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

हा प्रसंग आपण जैनांनी लपवून ठेवू नये असे मला वाटते. समाजाच्या वसतिगृहानेच आपल्या सर्वांत मोठ्या पुत्राला दाराबाहेर काढले. नियम करणारे दुष्ट नव्हते. ते त्यांच्या काळाच्या चौकटीत वागत होते. परंतु चौकट लहान होती आणि मुलगा मोठा होता.

सत्याची कसोटी

या कथेचा उत्तरार्ध मात्र त्याहून विलक्षण आहे. १९१४ मध्ये कोल्हापुरात इंग्रज राजघराण्याच्या पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्याचा डाव रचला गेला आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. त्यांना अटक झाली, अनन्वित छळ झाला. ज्या गृहस्थांच्या शिस्तीमुळे आपले वसतिगृह सुटले, त्यांच्यावर सूड उगविण्याची संधी चालून आली होती. शिवाय एका होकाराने सुटका होणार होती. भाऊरावांनी तो होकार दिला नाही. छळ असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला, पण खोटे बोलण्यास जीभ रेटली नाही.

सत्य हे आपल्या पंचव्रतांपैकी एक आहे. पर्युषणात आपण त्याचा नित्य उच्चार करतो. परंतु ज्याने आपल्याला दुखावले त्याच्या बाजूचे सत्य जपणे किती अवघड असते, हे व्यवहारात पडलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे.

व्यापारातून समाजदर्शन

यानंतरची काही वर्षे भाऊरावांनी जे काम केले ते आम्हा व्यापाऱ्यांना विशेष जवळचे वाटेल. त्यांनी ओगले यांचे कंदील विकले आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा प्रसार करीत खेडोपाडी हिंडले. लाकडी नांगराला सरावलेल्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर घ्यावयास लावणे सोपे नव्हते. पुढे सातारारोड येथील कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांनी मोठा वाटा उचलला. मात्र तेथे मतभेद झाले आणि ते बाहेर पडले.

फिरता विक्रेता माल विकताना माणसेही वाचीत असतो. भाऊरावांना खेड्यातील घरे आतून दिसली. शेतकऱ्याचा मुलगा बुद्धिमान आहे, पण गावात शाळा नाही; तालुक्याला शाळा आहे, पण तेथे राहण्याजेवण्याची सोय नाही. अडचण बुद्धीची नसून भाकरीची आणि निवाऱ्याची आहे, हे निदान त्यांनी केले. म्हणूनच त्यांनी शाळेच्या आधी वसतिगृह काढले. तत्पूर्वी सांगली भागातील दुधगाव येथे सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढण्यात सहकाऱ्यांसमवेत त्यांचा पुढाकार होताच.

रयत शिक्षण संस्थेची स्थापना

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा आणि राजर्षी शाहूंच्या कार्याचा वारसा घेऊन ही संस्था जन्मास आली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी अशा सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवताना पाहून गांधीजी संतुष्ट झाले. पुढे १९३२ च्या पुणे कराराच्या स्मरणार्थ पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले.

या कार्याचा सर्वांत मोठा भार सौभाग्यवती लक्ष्मीबाईंनी वाहिला. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या या माउलीने अठरापगड जातींची मुले पोटच्या लेकरांप्रमाणे सांभाळली. कोठीत धान्य नसले की अंगावरचा एकेक दागिना विकला जाई. शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. अपरिग्रहाचे व्याख्यान आपण पुष्कळ ऐकतो. या माउलीने ते स्वयंपाकघरात आचरून दाखविले.

विद्यार्थी हाच कारभारी

भाऊरावांच्या वसतिगृहाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या कारभारात होते. तेथे नोकर नव्हते. दळण, लाकूडफाटा, स्वयंपाक, वाढप, झाडलोट ही सर्व कामे मुलेच करीत. कोठीचा हिशेबही मुलेच ठेवीत. सुटीत शेती, खडी फोडणे, बांधकाम अशी कामे करून ती आपल्या शिक्षणाचा खर्च भागवीत. फुकट मिळालेल्या अन्नाने माणूस मिंधा होतो, श्रमाने मिळविलेल्या भाकरीने ताठ उभा राहतो, ही त्यांची धारणा होती. कमवा आणि शिका ही पुढे सर्वत्र पसरलेली योजना या विचारातूनच साकारली. वटवृक्षाचे बोधचिन्ह आणि स्वावलंबनाचे ब्रीद संस्थेने धारण केले ते याच अर्थाने.

हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर मला यातील शहाणपण अधिक जाणवते. ज्या मुलाने पन्नास जणांच्या धान्याचा हिशेब चोख ठेवला, तो पुढे ग्रामपंचायतीचा, सोसायटीचा, शाळेचा कारभार सहज पेलू शकतो. ज्याने वेगळ्या जातीच्या मित्राच्या हातची भाकरी खाल्ली, त्याला सभेत सर्वांना सोबत घेऊन जाणे शिकवावे लागत नाही. त्या वसतिगृहांतून नोकरदार निघाले, तसे कार्यकर्तेही निघाले. शाळेत वर्गाबाहेर बसविलेल्या ज्ञानदेव घोलप या मुलाला भाऊरावांनी फार पूर्वीच घरी आणून कोल्हापूरच्या वसतिगृहात पोहोचविले होते. ते घोलप पुढे मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले. वसतिगृहात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९४२ च्या आंदोलनात सातारा जिल्हा पेटून उठला, तेव्हा त्यात या वसतिगृहांतील तरुणही होते.

विस्तार आणि गौरव

१९३५ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी साताऱ्यास शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय निघाले. स्वतःचे शिक्षक तयार झाल्यावर खेडोपाडी पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा उभ्या राहिल्या. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. एका धनिकाने मोठी देणगी देऊ करून या महाविद्यालयास दिलेले शिवछत्रपतींचे नाव बदलण्याची अट घातली. भाऊरावांनी ती देणगी नाकारली, असे सांगतात. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावे १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प त्यांनी सोडला. १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराजांच्या नावे महाविद्यालय निघाले.

भारत सरकारने १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब दिला आणि त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने डी.लिट्. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी संस्थेच्या माध्यमिक शाळांची संख्या शंभरावर गेली होती. २०१९ मध्ये संस्थेची शताब्दी झाली. आज तिच्या शाखा सातशेहून अधिक आहेत. संस्था स्वतःच्या घराण्याची न ठेवता आजीव सेवकांच्या आणि समाजाच्या हाती सोपविल्याचे हे फळ आहे.

आपल्या मुलुखात

भाऊराव सातारा भागात वसतिगृहे काढीत होते तेव्हा आपला मराठवाडा निजामी राजवटीत होता. माध्यमिक शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि शिक्षणाचे माध्यम उर्दू. तशा स्थितीतही हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि आपल्या शेजारच्या अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय यांतून स्वामी रामानंद तीर्थांनी कार्यकर्ते घडविले. त्या पिढीने १७ सप्टेंबर १९४८ चा मुक्तिदिन पाहिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले, तेव्हा त्यांची जात कोणी विचारली नाही. कर्मवीरांच्या वाटेवर समाजाने टाकलेले ते पाऊल होते.

येथे एक कबुली द्यावीशी वाटते. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या बैठकीत एका जैनेतर विद्यार्थ्याचा मदतीचा अर्ज आला होता. मुलगा हुशार होता, गरजू होता. निधी समाजाचा आहे, तो समाजातच खर्च व्हावा, असे मत मीच हिरिरीने मांडले आणि अर्ज फेटाळला गेला. जमाखर्चाच्या दृष्टीने माझे बोलणे बिनचूक होते. त्या मुलाचे पुढे काय झाले, हे मी कधी विचारलेही नाही. भाऊरावांचे चरित्र वाचताना जैन बोर्डिंगच्या दारातून बाहेर पडणारा तो तरुण आला की, मला त्या अर्जाची आठवण होते.

आहारदान, औषधदान, अभयदान आणि शास्त्रदान अशी चार दाने आपल्या धर्माने सांगितली. ती घेणाऱ्याचे कुळ कोठेही सांगितलेले नाही. म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळापुढे मी दोन नम्र सूचना ठेवतो. विद्यार्थी साहाय्याचा निर्णय केवळ गरज पाहून व्हावा; आणि ज्यांना आपण मदत करतो त्या मुलामुलींकडे अभ्यासिकेचा व ग्रंथालयाचा कारभार, हिशेबासह सोपवावा. ती चुकतील, एखादे वेळी दहा-वीस रुपयांचा मेळही बसणार नाही. परंतु पुढील पन्नास वर्षे ही संस्था ज्यांना चालवावयाची आहे, त्यांनी आजच किल्ली हाती घेतली पाहिजे.

कर्मवीरांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन. जय जिनेंद्र.