न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग

स्वतःची टिमकी वाजविल्यावाचून पुढे जाता येत नाही, असे आमच्या ज्ञातीतील तरुण मंडळींना हल्ली वाटू लागले आहे. त्यांच्यासाठी आम्ही येथे सारस्वतांना ललामभूत झालेल्या तेलंगांचे स्मरण करीत आहोत.

१८५० साली मुंबईत जन्मलेले काशीनाथपंत १८७२ साली हायकोर्टात अॅडव्होकेट झाले. तेथे त्या काळी इंग्रज बॅरिस्टरांचा वरचष्मा. त्यांच्याशी आवाजाची स्पर्धा करण्याच्या भरीस ते पडले नाहीत. संस्कृत धर्मग्रंथ मुळातून वाचलेला वकील म्हणून हिंदु कायद्याच्या प्रश्नांत त्यांच्या शब्दास वजन आले.

हाच बाणा विद्याक्षेत्रातही दिसतो. रामायणाची कथा होमरवरून घेतली आहे, असे मत वेबर या जर्मन पंडिताने मांडले तेव्हा आपल्याकडील कोणासही संताप येणे साहजिक होते. तेविशीतल्या तेलंगांनी १८७३ साली त्यास उत्तर दिले ते संतापाने नव्हे, पुराव्याने. पुढे मॅक्समुल्लरच्या पौर्वात्य धर्मग्रंथमालेत १८८२ साली भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले, ते त्यांचेच.

मग पदे येत गेली. १८८२ चे शिक्षण कमिशन, १८८४ साली कायदे कौन्सिल, १८८९ साली हायकोर्टाचे न्यायासन आणि १८९२ साली मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद. हे पद भूषविणारे ते पहिलेच हिंदी गृहस्थ होत. दरम्यान १८८५ साली फिरोजशहा मेहता व बद्रुद्दिन तय्यबजी यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापिली, आणि त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या पहिल्या काँग्रेसच्या सिद्धतेतही त्यांचा हात होता.

तथापि या सौम्यपणाची दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. समाजसुधारणा विरोध कमी असेल त्या वाटेने व्हावी, असे त्यांचे मत होते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यास त्यांनी पाठिंबा दिला. पण दोनच वर्षांनी घरच्यांच्या आग्रहापुढे नमून स्वतःच्या कन्येचा विवाह त्यांनी अगदी लहान वयात लावून दिला. सुधारकांनी त्यांस दोष दिला. तो दोष, आमच्या मते, रास्त होता; ज्याने परपंडितांपुढे मान तुकविली नाही, त्याने घरात तुकविली.

त्याच वर्षी, १ सप्टेंबर १८९३ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मराठ्यांच्या बखरींवरील त्यांचा निबंध १९०० साली न्यायमूर्ती रानडे यांच्या इतिहासग्रंथास परिशिष्ट म्हणून जोडून प्रसिद्ध झाला.